जिना उतरणारी बाई

सकाळी उठल्यावर मावशी कुणाशी एक शब्द बोलण्याआधी वाचायची. मनात नाही, मोठ्याने. हाताला जे छापील लागेल ते: साबणाचं वेष्टन, औषधाची पट्टी, काडेपेटीचं झाकण, वाण्याच्या पुडीचा कागद. "कोरड्या जागी ठेवावे पूर्णविराम लहान मुलांपासून दूर ठेवावे पूर्णविराम." खालच्या पट्टीत सुरुवात करून ती आवाज हळूहळू वर नेई आणि घसा मोकळा झाला की कागद बाजूला ठेवून म्हणे, "हं, आता बोल. काय म्हणत होतीस?" भाची काहीच म्हणत नसे. तिचे डोळेही अजून धड उघडलेले नसत.

पुढे मावशीची नजर गेली. एकदम नाही, मधोमध एक डाग पडला आणि तो पसरत गेला. भाची चष्म्याच्या दुकानात कामाला होती, पण तिथल्या कुठल्याही भिंगाने तो डाग हटला नाही. तरी सकाळचं वाचन चुकलं नाही. मावशी वेष्टन डोळ्यांसमोर धरून पाठ असलेलं म्हणायची. मधल्या काळात साबण बदलला होता. वेष्टनावर गुलाब होता आणि मावशी लिंबू वाचत होती. भाचीने एकदा सांगून पाहिलं.

"मूळ प्रतीत लिंबू आहे," मावशी म्हणाली. विषय तिथेच मिटला.

मावशी छापखान्यात प्रत वाचायला होती. हे काम आता कुणाला पटकन समजत नाही. लेखकाने हाताने लिहिलेलं बाड जुळाऱ्याकडे जायचं. जुळारी शिशाच्या अक्षराचा एकेक खिळा उचलून ओळी जुळवायचा. त्याचा कच्चा ठसा कागदावर निघाला की तो ठसा आणि मूळ बाड अशी जोडी मागच्या अंधाऱ्या खोलीत यायची. तिथे एका टेबलाच्या दोन बाजूंना दोन माणसं. एका बाजूला मावशी, मूळ प्रत मोठ्याने वाचणारी. समोर मास्तर, म्हणजे मुद्रितं तपासणारे, ठशावर नजर आणि हातात पेन्सिल. मावशीने जे दिसेल ते सगळं तोंडाने सांगायचं. शब्द तर सांगायचेच, पण स्वल्पविराम, पूर्णविराम, अवतरण सुरू, अवतरण बंद, नवा परिच्छेद, हेही. मास्तरांनी वर बघायचं नाही. कानावर येईल ते आणि डोळ्यांसमोर असेल ते जुळलं नाही की समासात खूण करायची. दोघांनी असं आयुष्य काढलं. एकमेकांचा चेहरा त्यांनी जेवणाच्या सुट्टीत तेवढा पाहिला असेल.

या विराम सांगण्यामुळे गल्लीत तिचं नाव विरामबाई पडलं. ती दिसली की पोरं ओरडत, "विरामबाई, कुठं निघालात प्रश्नचिन्ह?" ती मागे न बघता म्हणे, "तुझ्या आईला सांगायला पूर्णविराम."

या धंद्यातला पहिला नियम तिने भाचीला अगदी लहानपणी सांगितला होता. वाचणाऱ्याने ऐकायचं नसतं. डोळ्यांतून यायचं आणि जिभेवरून जायचं. मध्ये डोकं आलं की घोटाळा. म्हणून असेल, इतकं वाचूनही मावशीला एकही गोष्ट सांगता येत नसे. भाची झोपताना हट्ट करायची, तर मावशी म्हणायची, "अगं, हजारो गोष्टी माझ्या तोंडातून गेल्या. नळातून पाणी जातं, नळाची तहान भागते का?"

छापखान्यात निघायचं एक साप्ताहिक. पातळ पिवळट कागद, बोट लावलं की शाई हाताला. शहरात मोठे प्रकाशक होते, त्यांची पुस्तकं काचेच्या कपाटात असत आणि त्यांच्या लेखकांच्या नावाने सभा भरत. साप्ताहिकाला सभा नव्हत्या. ते न्हाव्याच्या दुकानात असायचं, दवाखान्याच्या बाकावर, खाणावळीत, बसथांब्याशेजारच्या टपरीत. क्रमशः चालणाऱ्या कादंबऱ्यांसाठी लोक ते घेत, वाचत, शेजारी देत आणि शेवटी त्यात काहीतरी बांधत. लिहिणारेही तसेच. एक टंकलेखनाचा वर्ग चालवणारा. एक सुईण, जी खुनाच्या गोष्टी लिहायची आणि खुनी कोण ते मास्तरांनाही शेवटपर्यंत कळू द्यायची नाही. आणि एक पाणीखात्यातला कारकून. हा कचेरीतले वापरलेले कागद घरी नेऊन त्यांच्या कोऱ्या पाठीवर लिहायचा, म्हणून छापखान्यात त्याला पाठकोरे म्हणत. ते इतकं रुळलं की नवा जुळारी त्याला घरच्या पत्त्यासकट 'श्री. पाठकोरे' म्हणून निरोप पाठवून बसला होता. पाठकोरेंनी तो निरोप निमूटपणे घेतला.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. छापून बाहेर पडलेला अंक छापखान्यात कुणी उघडत नसे. दिवसभर तीच अक्षरं उलटीसुलटी बघितल्यावर पुन्हा त्यांचं तोंड बघावंसं कुणाला वाटणार? अंक गठ्ठ्याने बांधून दाराबाहेर गेला की सुटलो.

छापखाना तळमजल्यावर होता आणि मावशीची खोली त्याच इमारतीत सगळ्यांत वर. मधे लाकडी जिना. भाची शाळेत जायला लागली त्या वर्षी तिची आई गेली आणि वडिलांनी तिला थोडे दिवस म्हणून मावशीकडे आणून सोडलं. ते थोडे दिवस संपलेच नाहीत. आल्यानंतर पहिल्याच संध्याकाळी तिने तो आवाज ऐकला. चपलांचा. दाराबाहेरच्या वरच्या पायरीपासून सुरू व्हायचा आणि खाली खाली जायचा. एक चप्पल सैल असावी, ती पायरीवर जराशी उशिरा वाजे. आवाज लहान होत जाई, पण तळाला पोचल्याचं कधी ऐकू येत नसे. मधेच कुठेतरी विरून जायचा. मावशीच्या हातात त्या वेळी भांडं असो की विळी, ती थांबायची. आवाज सरला की पुन्हा कामाला लागायची.

"कोण आहे गं?"

"आहे एक बाई."

"कुठे जाते?"

"तेच तर," मावशी म्हणायची.

भाचीने एकदा आवाज सुरू असतानाच दार उघडून पाहिलं. जिना रिकामा होता. कठड्यावर कुणाचा तरी पंचा वाळत होता. घाबरायचं वय होतं, पण मावशी इतकी शांत होती की घाबरायला जमलंच नाही. हळूहळू सवय झाली. मोठेपणी एका सुताराने सांगितलं की जुनं लाकूड संध्याकाळी आकसतं आणि वाजतं. भाचीला ते पटलं. फक्त इतकंच की त्या बाईला तिने कधी वर येताना ऐकलं नव्हतं. रोज उतरायची. जी रोज उतरते ती चढते कधी, हे लाकडाच्या हिशोबात बसत नव्हतं.

छापखाना बंद पडला, मास्तर वारले, तळमजल्यावर प्लास्टिकच्या खुर्च्यांचं गोदाम झालं. मग इमारतच विकली गेली. भाडेकरूंना दूर नव्या इमारतीत घरं मिळाली. लिफ्टची. एकेक कुटुंब गेलं. जाताना दारं, खिडक्या, पंख्यांचे हूक उपटून नेले. मावशी तेवढी राहिली, आणि तिच्यासाठी भाची.

पाडकामाचा मुकादम भला माणूस होता. तो दर दोन दिवसांनी धापा टाकत वर यायचा.

"आजी, तिकडे लिफ्ट आहे. बटण दाबलं की घरात."

"आणि जिना?"

"जिनाही आहे. पण वापरतंय कोण?"

"तुमचं पाडायचं सुरू कुठून होतं?" मावशीने विचारलं.

"वरून. छप्पर, मग जिना. जिना काढला की बाकीचं पत्त्यांसारखं."

मावशीचा चेहरा उतरला. "मग मी नाही येत," ती म्हणाली.

मुकादमाने भाचीकडे पाहिलं. बाहेर आल्यावर हळूच म्हणाला, "ताई, या आठवड्यात पाणी तोडणार आहेत, मग वीज. मला वरून विचारतात. म्हातारं माणूस आहे म्हणून मी किती दिवस थोपवू? उद्या कुणी उचलून खाली आणलं तर तुम्हालाच वाईट वाटेल."

भाचीने त्या दिवशी प्रथमच आवाज चढवला. काय ठेवलंय इथे, म्हणाली. गळकं छप्पर, घुशी, आणि खाली एक माणूस हाक मारायला उरलेला नाही. मावशी ऐकून घेत राहिली. बाहेर चपला वाजायला लागल्या होत्या. आवाज खाली गेला, विरला.

"हिला ठेवलंय," मावशी म्हणाली. आणि तिने भाचीला ती गोष्ट सांगितली. तिला येत असलेली एकुलती एक गोष्ट.

भाची येण्याच्या आधीची, मावशी तरुण असतानाची. नवरा दुसऱ्या शहरात काम बघायला म्हणून गेला होता आणि तिकडचाच झाला होता. मावशीला याच खोलीत ताप भरला. दाराला आतून कडी. खाली यंत्राची धडधड, जिन्यात माणसांची येजा, आणि तिच्या दारावर कुणाची थाप नाही. किती दिवस गेले ते तिलाही नीटसं आठवत नव्हतं. ताप आपोआप उतरला. ती उठली, तोंड धुतलं आणि कामावर गेली. मास्तर म्हणाले, "बऱ्या आहात?" ती म्हणाली, "हो." संपलं. त्या दिवशी टेबलावर पाठकोरेंच्या कादंबरीचा शेवटचा भाग होता.

"एका शिवणकाम करणाऱ्या बाईची कादंबरी होती. वरच्या मजल्यावर एकटी राहणारी. मी आठवडेच्या आठवडे वाचत होते आणि माझ्या डोक्यात काही शिरत नव्हतं. पण त्या दिवशी अंगात त्राण नव्हतं. डोकं मध्ये आलं. मी ऐकलं."

प्रत वाचणाऱ्याची नजर जिभेच्या एक ओळ पुढे असते. जीभ तापाच्या वर्णनात होती तेव्हा नजरेने पुढचं पाहिलं. बाई तापाने फणफणलेली, दाराला आतून कडी, आणि पुढच्या परिच्छेदात शेजारी दार फोडतात. मावशीची जीभ अडली. मग ती चालू लागली, पण कागदावरचं सोडून.

"काय म्हणालीस मग?"

मावशीने मान जराशी वर केली आणि एका दमात म्हटलं, "ती उठली पायात चपला घातल्या दार ओढून घेतलं आणि जिना उतरू लागली खाली रस्त्यावर दिवे लागत होते."

भाचीला त्यात काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय, ते तेव्हा सापडलं नाही.

"मास्तर?"

"त्यांनी वर पाहिलं नाही. त्यांचं तर कामच होतं ते. मी सांगेन ते खरं, ठशातलं खोटं. पेन्सिल चालल्याचा आवाज आला. मग म्हणाले, समाप्त? मी म्हटलं, समाप्त. ते म्हणाले, घसा बसलाय तुमचा, आज घरी जा. मूळ प्रत फाडून टाकायचीच पद्धत होती. फाडली. मी वर आले, दार लावलं आणि बाहेर चपला वाजल्या."

"आणि पाठकोरे?"

"पुढच्या आठवड्यात नवीन बाड घेऊन हजर. स्वतःचं छापलेलं कधी वाचायचाच नाही तो." मावशीने दाराकडे तोंड वळवलं. "मी तिला खोलीतून काढली गं, पण कुठे पोचवली नाही. पान संपलं होतं. जिन्यात सोडून दिली. आता तो जिनाच काढणार म्हणतोय तो. आणि ती जिन्यात."

भाचीला हसू आलं नाही. तिने सगळं बालपण त्या बाईच्या आवाजाच्या सोबतीने काढलं होतं. पण पाणी तुटणार होतं, हेही खरं होतं. तिला एक मार्ग सुचला. तो अंक मिळवायचा आणि मावशीला तिची वाक्यं वाचून दाखवायची. बाई जिना उतरली आणि ते सगळ्या शहराने वाचलं, म्हणजे ती केव्हाच लोकांच्या घरी पोचली, असं सांगायचं. मावशीला छापलेलं पटे.

तिने दोन दिवस रजा काढली. मोठ्या ग्रंथालयात गेली. तिथल्या माणसाने साप्ताहिकाचं नाव दोनदा विचारलं आणि यादीत बोट फिरवलं.

"कशाबद्दल असायचं?"

"गोष्टी. कादंबऱ्या."

"मग साहित्यात बघायला हवं. साहित्यात तर नाही."

"मग कशात असेल?"

त्याने खरोखर विचार केला. "रद्दीत," तो म्हणाला आणि लगेच ओशाळला. "म्हणजे तशा अर्थाने नाही हो." शहराच्या साहित्याचा एक जाडजूड इतिहास त्याने स्वतः उठून काढून दिला. भाचीने उभ्याने चाळला. सभा, संस्था, मासिकं, वाद, काचेच्या कपाटातली सगळी माणसं होती. सुईण नव्हती, टंकलेखनवाला नव्हता, पाठकोरे नव्हते. इतकी माणसं बसथांब्यावर उभी राहून जे वाचत होती, त्याचं एक पानही त्या शहराने आपलं म्हणून ठेवलं नव्हतं. परत येताना तिला रस्त्यातल्या म्हाताऱ्या माणसांकडे बघून वाटत राहिलं की यांच्यातल्या कुणाला तरी ती शिवणकामवाली आठवत असेल, पण आठवतंय हे त्यालाही ठाऊक नसेल.

अंक सापडले ते न्हाव्याच्या दुकानात. जुन्या बाजारामागे, वडिलांपासून चालत आलेलं दुकान. भाची चौकशीला आत गेली तेव्हा खुर्चीत एक लहान मुलगा बसला होता आणि त्याच्या बुडाखाली कापडी बांधणीचे तीन जाड ठोकळे होते.

"साप्ताहिक?" न्हावी म्हणाला. "ते काय, बसलाय की त्याच्यावर."

त्याच्या वडिलांनी गिऱ्हाइकांसाठी वर्षावर्षाचे अंक बांधून घेतले होते. पुढे कुणी वाचेना. मग पोरांना उंचीला लागतात म्हणून ठेवले.

"या भागातल्या निम्म्या लोकांचं पहिलं जावळ साहित्यावर बसून उतरलंय, ताई," तो म्हणाला. "थांबा, एवढी डावी बाजू होऊ द्या. मधेच काढले तर पोरगं खाली जाईल आणि कान जाईल माझ्या हातून."

डावी बाजू झाली. भाची शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसली आणि मांडीवर ठोकळा घेऊन पानं उलटू लागली. पाठकोरेंची शिवणकामवाली तिला सापडली. शेवटचा भागही. तिने शेवटचा परिच्छेद वाचला, मग पुन्हा वाचला.

शेजाऱ्यांनी दार फोडलं होतं. बाई खाटेवर होती. यंत्रावर कुणाचं तरी अर्धं शिवलेलं पोलकं होतं आणि सुई कापडातच रुतलेली होती. समाप्त.

एक अक्षर बदललं नव्हतं.

तेव्हा भाचीला त्या दिवशी काय चुकल्यासारखं वाटलं ते कळलं. मावशीने ती वाक्यं म्हटली तेव्हा त्यांत विराम सांगितले नव्हते. जी बाई साबणाच्या वेष्टनावरचा पूर्णविराम सोडत नाही, ती ओळीमागून ओळ सलग म्हणत गेली होती. कागदावर नसलेल्या वाक्यांत सांगायला विराम कुठून येणार? मास्तरांना वर बघायची गरजच पडली नसेल. त्यांनी ऐकलं, पेन्सिल कुठेतरी समासात उगाच फिरवली, ठशातलं होतं तसं राहू दिलं आणि तिला घरी जा म्हणून सांगितलं. नंतर एकाच टेबलाशी समोरासमोर इतकी वर्षं बसून एका शब्दाने बोलले नाहीत.

समोरच्या आरशात तिला स्वतःचा चेहरा दिसत होता आणि मागे रस्ता. छापलेली बाई त्या खोलीतून बाहेर पडलीच नव्हती. ती मेली होती, आणि सगळ्यांनी ते वाचून अंक बाजूला ठेवला होता. मग जिन्यात जी होती ती फक्त मावशीच्या तोंडात झालेली. आणि भाचीने ती कानांनी ऐकली होती, आल्या दिवसापासून, काही माहीत नसताना.

"थंडी वाजतेय का, ताई?" न्हाव्याने विचारलं. "पंखा कमी करू?"

जाताना त्याने ठोकळा नेऊ दिला. "पण परत आणून द्या. दोन ठोकळ्यांवर पोरं बुटकी पडतात."

घरी जाताना भाचीच्या मनात दोन गोष्टी भांडत होत्या. खरं सांगितलं तर काम आजच झालं असतं. मावशी, ती मेली होती. पाठकोरेंनी मारली, मास्तरांनी मारली, तशीच छापली. जिन्यात कुणी नाही. चल, बोचकं बांध. पण मावशीने उभ्या आयुष्यात लोकांची वाक्यं वाचली होती. तिची स्वतःची तेवढीच होती. ती कुणापर्यंत पोचलीच नाहीत, हे या वयात, या डोळ्यांनिशी, त्या रिकाम्या इमारतीत तिला सांगायचं? आणि सांगून ती हललीच नाही तर?

मावशी खिडकीशी बसली होती. नळ कोरडा झाला होता, तिने उरलेलं पाणी दोन भांड्यांत भरून झाकून ठेवलं होतं.

"सापडला अंक," भाची म्हणाली.

मावशीने हात पुढे केला. बोटांनी कागद चाचपला, नाकाजवळ नेला. "आमचाच," ती म्हणाली. मग उठून फळीवरून पेन्सिलीचा एक तुकडा शोधून आणला आणि टेबलाच्या पलीकडे, भाचीच्या समोर बसली. मास्तर बसत तशी. "वाच. विराम सांग. गडबड करू नकोस."

भाची वाचू लागली. सुरुवातीला अडखळली.

"अवतरण सांग की. कोण बोलतंय ते मला काय स्वप्नात दिसणार?"

"अवतरण सुरू. ताई स्वल्पविराम उद्या कपडे मिळतील ना प्रश्नचिन्ह. अवतरण बंद."

"हं."

पानं जात होती. उजेड कमी होत होता. तापाचा परिच्छेद आला. भाचीची नजर एक ओळ पुढे गेली होती. तिला ते फोडलेलं दार दिसत होतं, सुई दिसत होती. तिने आवाज हलू दिला नाही.

"ती उठली पूर्णविराम. पायात चपला घातल्या स्वल्पविराम दार ओढून घेतलं आणि जिना उतरू लागली पूर्णविराम. खाली रस्त्यावर दिवे लागत होते अर्धविराम..."

पेन्सिल थांबली.

"पाठकोरे अर्धविराम देत नसे," मावशी म्हणाली.

"इथे दिलाय."

बाहेर वरच्या पायरीवर चप्पल वाजली. मग दुसरी, जराशी उशिरा.

"दिला असेल," मावशी म्हणाली. "पुढे?"

मावशीची वाक्यं इथे संपली होती, आणि कागदावर फक्त ते फोडलेलं दार होतं. भाचीने पानावर बोट ठेवलं, ओळीवर ठेवतात तसं, आणि बोट सरकवत ती वाचत गेली. "वारा होता स्वल्पविराम पण अंगात ताप उरला नव्हता पूर्णविराम. शेवटची पायरी संपली पूर्णविराम. ती रस्ता ओलांडून बरंच चालली स्वल्पविराम आणि एका उघड्या दाराशी थांबली पूर्णविराम. आतून कुणीतरी म्हणालं स्वल्पविराम अवतरण सुरू. ये स्वल्पविराम बाहेर का उभी प्रश्नचिन्ह. पानं मांडली आहेत पूर्णविराम. अवतरण बंद. ती आत गेली आणि बसली पूर्णविराम."

चपलांचा आवाज खाली खाली गेला होता. दोघी ऐकत होत्या. तो विरला नाही. तळाशी, गोदामाच्या फरशीवर, वेगळा वाजला. लाकडावर वाजतो तसा नाही. एकदा, दोनदा. मग नाही.

"समाप्त?" मावशीने विचारलं.

"समाप्त."

मावशीने समासात पेन्सिलीने काहीतरी केलं. तिला दिसत नव्हतं, त्यामुळे ती खूण टेबलावरच उमटली. मग पेन्सिल खाली ठेवून ती भाचीकडे, म्हणजे भाचीच्या थोडं बाजूला, बघत राहिली.

"घसा बसलाय तुझा," ती म्हणाली. "पाणी पी."

मास्तरांनी काय केलं होतं ते मावशीला तेव्हा कळलं, की आधीपासूनच कुठेतरी ठाऊक होतं, की तिने फक्त घसा ऐकला, हे भाचीला कधी समजलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही. त्या घरात न विचारण्याची पद्धत जुनी होती.

आठवड्याच्या आत त्या इमारत सोडून गेल्या. मुकादमाने स्वतः मावशीचा हात धरून तिला खाली आणलं. ती प्रत्येक पायरीवर पाय नीट टेकवत होती, मधेमधे भिंतीला हात लावत होती, गर्दीतून वाट काढावी तशी. शेवटच्या पायरीवर कुणीच नाही म्हटल्यावर तिने लांब श्वास घेतला. ठोकळा भाचीने न्हाव्याला परत नेऊन दिला. त्यावर लगेच एक पोरगं बसलं.

नव्या घरात लिफ्ट होती, मोठ्या खिडक्या होत्या, आणि संध्याकाळी कसलाच आवाज नव्हता. पहिले काही दिवस भाची दिवे लागायच्या वेळी हातातलं काम थांबवून उभी राहायची. मावशी थांबत नसे. तिने नवीन साबणाचं वेष्टन भाचीकडून एकदा वाचून घेतलं आणि सकाळी गुलाब म्हणायला सुरुवात केली. शेजारणीशी ओळख काढली. लिफ्टमध्ये शिरताना मात्र ती जराशी बाजूला सरकून उभी राहायची, अजून एका माणसाची जागा ठेवून. तो तिच्या डोळ्यांचा दोष आहे, असं भाची शेजारणीला सांगायची.

मावशी गेली ती एका सुट्टीच्या दुपारी, झोपेत, कुणाला काही त्रास न देता. त्या दिवशी सकाळपासून तिने बाल्कनीतली कुंडी हलवून घेतली होती, पंख्याच्या कुरकुरीबद्दल तक्रार केली होती, आणि शेजारच्या बाळाचं नाक कुणावर गेलंय यावर बराच वेळ मत दिलं होतं. दुपारी भाचीने स्वयंपाकघरात नेहमीसारखी दोन ताटं मांडली, एक आपलं आणि एक मावशीचं, आणि तिला हाक मारली. घरात तिसरं कुणी नव्हतं. मावशी आतल्या खोलीत आडवी झाली होती. तिने कूस बदलली आणि रोजच्या आवाजात म्हणाली, "तुम्ही दोघी जेवून घ्या, मी मागून बसते."